‘दशावतार’ सिनेमा बघितला, आता जत्रेतलं रात्रभराचं नाटक बघायचंय: कधी जावं, कुठे जावं?

निवळी_फाटा:

नमस्कार मंडळी. ‘दशावतार’ घरात सगळ्यांचा बघून झाला. १२ सप्टेंबर २०२५ ला लागला तेव्हा तिकिटं मिळाली नव्हती, नंतर निवांत बघितला. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांचं काम थक्क करणारं आहे आणि मुलांच्या तोंडी अजून त्यांचा बाबुली मेस्त्रीच आहे. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला नमन, जाखडी हे सगळं आहे, पण सिंधुदुर्गातल्या जत्रेत बसून अख्खं दशावतारी नाटक घरातल्या कुणीच पाहिलेलं नाही. यंदा ठरवून जायचंय.

बरोबर आई आहे (वय ६८, गुडघे दुखतात, जमिनीवर बसता येत नाही) आणि ८ व ११ वर्षांची दोन मुलं. हाताशी दोन रात्री. प्रश्न असे: कुठल्या महिन्यात यावं? मोठ्या जत्रेला जावं की छोट्या? नाटक खरंच पहाटेपर्यंत चालतं का, की आता आटोपतं घेतात? सिनेमात दाखवलंय त्यातलं प्रत्यक्षात काय बघायला मिळतं? आणि तुम्हा जाणकारांना सिनेमा कसा वाटला तेही लिहा.

आडिवरे_ते_आरोंदा:

आधी काळ सांगतो, कारण चुकतं ते तिथेच. तुळशीची लग्नं लागली की जत्रा सुरू होतात. कार्तिकी पौर्णिमा, देवदिवाळी, मग मार्गशीर्ष, पौष, माघ असं करत महाशिवरात्र आणि शिमग्यापर्यंत. या चार महिन्यांत वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी, मालवण या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या देवळात जत्रा असतेच, आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार आलाच. मे महिन्यातही नाटकं होतात, पण ती बहुतेक मंडळांनी नाहीतर वाडीने ठेवलेली, तीन-साडेतीन तासांत आटोपणारी. तुम्हाला देवळासमोरचं बघायचं असेल तर थंडीतच या.

जत्रा तिथीवर असते, इंग्रजी तारखेवर नाही. मागच्या वर्षीची तारीख धरून कुणी बुकिंग करू नये. दुसरी चूक याहून मोठी. पोस्टरवर १० तारीख असेल तर जत्रा १० च्या संध्याकाळी, पण नाटक उभं राहतं मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे ११ तारखेला. ११ च्या सकाळची परतीची गाडी काढली असेल तर ऐन आख्यानात उठावं लागतं. परतीचं तिकीट ११ च्या दुपारनंतरचं किंवा सरळ १२ चं काढा.

मोठी की छोटी? दशावतारासाठी छोटी. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा प्रसिद्ध आहे, तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, तिथीला बांधलेली नाही. दर्शनाला जरूर जावं, पण त्या गर्दीत आईंना घेऊन नाटकासाठी जाऊ नका, निम्मी रात्र रांगेत जाईल. महाशिवरात्रीला कुणकेश्वरलाही तोच प्रकार. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास असते, बघण्यासारखी आहे, गर्दी तिथेही दांडगी. त्यापेक्षा एखाद्या गावची सातेरी, रवळनाथ, वेतोबा, लिंगेश्वर यांची जत्रा धरा. तीन-चारशे माणूस, दहा-वीस दुकानं, देवळासमोर मांडव. नाटक बघायला यापेक्षा चांगली जागा नाही.

कुठल्या गावात कुठली कंपनी (दशावतारी नाटक मंडळी) हे शोधायला आता सोपं झालंय. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर, आरोलकर अशी जुनी नावं आहेत, नवीही पुष्कळ. त्यांचे महिन्याचे कार्यक्रम फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर फिरतात. तरी निघण्याच्या आदल्या दिवशी राहत्या ठिकाणच्या माणसाला विचारून खात्री करा. गावात सुतक पडलं तर कार्यक्रम पुढे जाऊ शकतो, आणि ते पोस्टरवर येत नाही.

पायपेटी:

वरचं सगळं बरोबर. मी नाटकाबद्दल लिहितो.

सिनेमा बघून येणाऱ्या माणसाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. त्या रात्रीचं आख्यान कुठलं ते ठरतं, कोण राजा, कोण राणी, कोण राक्षस, कोण नारद ते सांगितलं जातं, प्रसंगांचा क्रम समजावला जातो, आणि तेवढ्यावर माणसं रंगायला (चेहरा रंगवायला) बसतात. संवाद मांडवात, समोरच्याचं वाक्य ऐकून, तिथल्या तिथे. त्यामुळे तेच आख्यान तीच कंपनी दुसऱ्या गावात करते तेव्हा वेगळं नाटक होतं. सिनेमात हे येऊच शकत नाही, कारण तिथे शब्द आधीच लिहिलेला असतो. जत्रेला जायचं ते मुख्यतः यासाठी.

रात्रीचा क्रम साधारण असा. नऊच्या सुमारास दर्शन आणि ओट्या भरणं चालू असतं. अकरा-बाराच्या मध्ये पालखी निघते आणि देवळाभोवती प्रदक्षिणा होतात. पालखी आत गेल्याशिवाय नाटकाला हात लागत नाही. नऊला येऊन बाराला ‘अजून काहीच नाही’ म्हणून उठून जाणारे दरवर्षी दिसतात, ती चूक करू नका. साडेबारा-एकला पहिली थाप पडते.

आधी पूर्वरंग, ज्याला आड दशावतार म्हणतात. गणपती येतो, मुखवटा लावलेला, बरोबर रिद्धी-सिद्धी. भटजी पूजा सांगतो. सरस्वती येते ती कमरेला मोर बांधून. मग ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. पूर्वी हे सगळं सविस्तर व्हायचं, आता वेळ बघून काटतात, कुठे कुठे नुसत्या गणपतीवर भागवतात. म्हणूनच ठरवताना ‘आड दशावतार पूर्ण करणार काय?’ असं विचारून घ्या. मुलांसाठी तोच भाग सोन्यासारखा आहे. संकासुर काळ्या कपड्यात, काळ्या बुरख्यात, अस्सल मालवणीत बोलणारा, समोर बसलेल्यांची नावं घेऊन फिरकी घेणारा. बाकी राजे-देव शुद्ध, भारदस्त, संस्कृतकडे झुकलेल्या मराठीत बोलतात. मालवणी समजत नाही ही भीती नको, आख्यानाची भाषा तुमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकाइतकी कळेल.

मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. ते पहाटे पाच-साडेपाचपर्यंत चालतं, आणि शेवटी दहीकाला, आमच्या भाषेत धयकालो. हंडी फुटली की रात्र संपली.

बसायचं कुठे? मांडव तीन बाजूंनी उघडा असतो, मागे पडदा, पुढे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच अरण्यातला खडक, तेच राणीचा पलंग. वादक एका बाजूला: पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी), पखवाज आणि झांज किंवा चक्की. तुम्ही वादकांच्या समोरच्या बाजूला बसा. म्हणजे पखवाज्याचे हात आणि नटाचे पाय एका नजरेत येतात. युद्ध सुरू झालं की नट गिरक्या घेत मांडवभर फिरतात, तलवार तलवारीला लागते त्याच क्षणी थाप पडली पाहिजे. पखवाजी नटाच्या खांद्याकडे बघत असतो, तलवारीकडे नाही, कारण खांदा आधी हलतो. एवढं एकच मुलांना दाखवून द्या, पहाटेपर्यंत झोपणार नाहीत.

ध्वनिक्षेपकाच्या खोक्यासमोर बसू नका. आवाज मोठा ठेवतात, आईंना त्रास होईल. माईक वरून टांगलेला असतो आणि नट त्याच्याखाली आला की शब्द स्पष्ट ऐकू येतो, म्हणून मधली जागा बरी.

घाटाखालचा:

सिनेमाबद्दल थोडं वेगळं मत. प्रभावळकर आणि रात्रीच्या रानातली दृश्यं यांच्यासाठी सिनेमा बघावाच. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी देवराई, राखण, मातीशी असलेलं नातं मनापासून मांडलंय. पण मध्यंतरानंतर तो थरारकथेकडे वळतो आणि दशावतार हा त्या कथेचा वेश होऊन राहतो. मांडवातल्या नाटकाचा संथपणा, एकेका शब्दावरून चाललेला राजा आणि ऋषीचा वाद, यासाठी त्यात जागा नाही. ही तक्रार म्हणून लिहीत नाही, अडीच तासांच्या सिनेमात ते बसणारही नाही. पण मुलांना आधी सांगून ठेवा की मांडवात धूर, आग, पावसातली मारामारी अशी अपेक्षा धरू नका, नाहीतर पहिल्या तासात कंटाळतील. (तसलं हवं असेल तर ‘ट्रिकसीन’ असं पोस्टरवर लिहिलेले प्रयोग असतात. मुलांना आवडतात. पण पहिला अनुभव साध्या मांडवातलाच घ्या.)

दुसरं, ‘हा आपला कांतारा’ असं सगळीकडे बोललं गेलं. २०२२ च्या ‘कांतारा’त आहे तो भूतकोला. तो विधी आहे, अंगात दैव येतं असं तिथे मानतात. दशावतार हे नाटक आहे, नट पूर्ण भानावर असतो, देवाच्या दारात पण माणसांसाठी खेळतो. कर्नाटकात दशावताराचं खरं भावंड शोधायचं तर ते यक्षगान. तिथे भागवत गातो आणि नट नाचतो, इथे पायपेटीवाला गातो आणि नट बोलतो, एवढा सोपा फरक मुलांना सांगता येईल.

निवळी_फाटा:

मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी अजून. आईची बसायची सोय काय करावी? आणि दिवसा काय बघावं, म्हणजे मुलांचा दिवस फुकट जाणार नाही आणि रात्रीसाठी ती ताजीही राहतील? रत्नागिरीहून रेल्वेने येऊ की गाडीने?

कुर्ल्यांचो_सार:

गाडीने या. रेल्वेने रत्नागिरी ते कुडाळ अडीच तासांच्या आसपास, प्रवास म्हणून उत्तमच. पण अडचण रात्रीची आहे. जत्रेच्या गावात पहाटे चार वाजता एसटी नसते, रिक्षा असली तर आधी ठरवलेलीच असते. आईंना मध्येच झोप आली तर परतायला स्वतःचं वाहन हवं. हातखंब्याहून महामार्गाने लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली करत कुडाळ साडेतीन-चार तास धरा. रेल्वेनेच यायचं असेल तर ज्यांच्याकडे राहाल त्यांनाच रात्रभरासाठी रिक्षा सांगायला लावा, जायचे आणि यायचे पैसे आधी बोलून.

गाडी लावताना एक काळजी. देवळाच्या जवळच्या मळ्यात आत घुसून लावली तर मागून येणारे तुम्हाला कोंडतात आणि सकाळपर्यंत निघता येत नाही. रस्त्याच्या बाजूला, तोंड परतीकडे करून लावा, पाच-सात मिनिटं चालावं लागलं तरी.

आईंसाठी घडीची खुर्ची घरून आणा. उंच पाठीची नको, मागच्यांना दिसत नाही आणि मग उठवतात, ते रास्तही आहे. बिनपाठीचं स्टूल किंवा बुटकी खुर्ची, आणि जागा कडेला, खांबाशेजारी. टेकायला खांब मिळतो. पौष-माघात रात्री दोननंतर दव पडतं, मांडवाबाहेर बसलेल्यांची डोकी ओली होतात. शाल, कानटोपी आणि मुलांसाठी चटईवर घालायला जाड चादर. नुसती प्लास्टिकची चटई पहाटे बर्फासारखी गार लागते, आणि सारवलेल्या जमिनीचा ओलावा तिच्या कडेने वर येतो. बॅटरी घ्या. पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा घ्या, कारण गर्दीत मोबाइलला रेंज धड मिळत नाही आणि पैसे भरायचं अडतं. शिवाय आरतीचं ताट फिरतं तेव्हा त्यात टाकायला हातात काहीतरी असावं.

दिवसाचं सांगायचं तर सकाळी पिंगुळी, कुडाळपासून अगदी जवळ. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे जपलेल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. त्यांच्या कुटुंबाचं कलाआंगण आहे, आधी फोन करून गेलात तर बाहुल्यांचा छोटा खेळ बघायला मिळतो. चित्रकथीत एक चित्र धरून गोष्ट सांगत पुढचं चित्र काढतात. मुलांनी हे सकाळी पाहिलं आणि रात्री मांडवात पुराणातलंच आख्यान पाहिलं, की दोन्ही एकमेकांना जोडली जातात.

दुसरा पर्याय सावंतवाडी. मोती तलाव, राजवाड्यातली गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते), चितारआळीतली लाकडी खेळणी आणि फळं. पण दोन्ही एका दिवसात कोंबू नका. दुपारी दोन ते सहा सगळ्यांनी झोपायचं, पडदे ओढून. हे केलं नाही तर मुलं पूर्वरंग संपेपर्यंतच टिकतात. समुद्र दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. रात्रभर जागून सकाळी पाण्यात उतरणं धोक्याचं, डोळ्यांवर झोप असते आणि पाण्याच्या ओढीचा अंदाज येत नाही.

खायला? रात्रीचं जेवण साडेसात-आठला आणि हलकं. सोलकढी, भात, एखादी भाजी. सागुतीवर (मटण-कोंबडीच्या रश्श्यावर) ताव मारून नाटकाला बसू नये. मांडवाच्या बाजूला रात्रभर चहा, भजी, उसळपाव मिळतंच. जत्रेतून न्यायचं ते खाजं. बेसनाच्या कांड्या तळून त्यावर आलं घातलेल्या गुळाचा लेप. घेताना एक कांडी मोडून बघा. कटकन मोडली आणि आत कोरडी असली तर चांगली. वाकली तर गुळाचा पाक कच्चा राहिलाय, दोन दिवसांत चिकट होईल. गरमागरम खाजं पिशवीत बांधून घेऊ नका, वाफ धरून गोळा होतो. कागदावर पसरून गार झालं की डब्यात.

माडाची_झावळ:

निवळीकर, एक आठवण करून देते. संकासुर तुमच्याकडेही आहे. शिमग्यात गुहागर, दापोलीकडे काळ्या झग्यात, उंच टोपी, पांढरी लांब दाढी आणि कमरेला घुंगरं बांधून फिरतो तोच. मुलांनी तो पाहिला असेल तर त्यांना इथला संकासुर दाखवून फरक शोधायला सांगा. तुमच्याकडे तो गोमूबरोबर (स्त्रीवेशातल्या नाच्याबरोबर) नाचत दारोदार येतो, इथे वेद चोरतो, ब्रह्मदेवाशी हुज्जत घालतो आणि विष्णूच्या हातून मरतो. आठ वर्षांचं मूल पहिल्यांदा बघून दचकू शकतं. पुढच्या रांगेत अगदी मधोमध त्याला बसवू नका, संकासुर तिथेच येतो.

पडद्यामागे जायला मिळतं का हे विचारलं नाहीत, पण जरूर बघण्यासारखं आहे. पालखी निघायच्या आधी, साधारण दहा-साडेदहापासून, नट रंगायला बसतात. प्रत्येक जण स्वतःच रंगतो. एका हातात आरसा, समोर सफेदा, पिवडी, कुंकू, काजळ. स्त्रीपार्टीचं काम करणारा नट साडी नेसताना बघा. निऱ्या इतक्या घट्ट बसवतात की रात्रभर नाचून, बसून, उठूनही सुटत नाहीत. परवानगी विचारून दाराशी उभं राहा, दोन मिनिटं, गप्प. गणपतीच्या मुखवट्याला हात लावू नका, त्याची पूजा झालेली असते. पेटाऱ्यावर बसू नका, पाय तर लावूच नका. त्या पेटाऱ्यात अख्खी कंपनी असते, आणि पूर्वी तोच डोक्यावर घेऊन नट पुढच्या गावाला चालत जायचे. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण त्यातूनच आलेली. आता टेम्पो आला.

फोटो काढायचे तर फ्लॅश बंद. मांडवात प्रकाश असतो तेवढा पुरतो. नट तोंडावर आलेल्या झोताने क्षणभर आंधळा होतो, आणि हातात तलवार असते. व्हिडिओ पाच-दहा मिनिटांचा ठीक, अख्खं नाटक काढून नेटवर चढवू नका. लोकांनी घरी बसून बघितलं की पुढच्या वर्षी बिदागी द्यायला मंडळ मागेपुढे बघतं, आणि कंपनीतली दहा-पंधरा माणसं त्या चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढतात.

पायपेटी:

माडाची_झावळ, फ्लॅशचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

एक भर घालतो. आई पहाटेपर्यंत बसू शकणार नसतील तर अर्धं नाटक बघून जाण्यात काही वावगं नाही, पण उठायची वेळ निवडा. युद्ध संपून राजा बाकड्यावर बसला आणि पायपेटीवाल्याने नवीन पद धरलं की उठा. त्या वेळी मांडवात हालचाल चालते. दोन नटांचा वाद रंगात आला असताना पुढून उठलात तर नटाची लय तुटते, शब्द आधी लिहिलेले नाहीत हे विसरू नका. आणि शक्य झालं तर गाडीत दोन तास डुलकी काढून साडेचारला परत येऊन बसा. दहीकाल्याची हंडी उजाडताना फुटते. मुलांना तेवढ्यासाठी उठवा.

आडिवरे_ते_आरोंदा:

कुठलं गाव नक्की केलंत की इथे कळवा. पालखी किती वाजता आत जाते ते गावागणिक वेगळं असतं, कुणी ना कुणी त्या गावचा इथे असेलच, तो नेमकं सांगेल.